एकोणतीस नंबरची शिळी मॅच

बाबा, परवा शनिवारी दुपारी आपली राहिलेली मॅच मी बघून संपवली. निकाल लगेच सांगत नाही. नियम तुमचाच आहे, आणि इतकी वर्षं तो मी तुमच्यापेक्षाही कडक पाळला आहे.

आधी बेसमेंटपासून सुरुवात करते, कारण माझ्या मनात तुम्ही अजून तिथेच बसलेले असता. रिचमंड हिलचं ते घर आता आपलं नाही, पण त्या बेसमेंटचा वास मला कुठेही ओळखता येईल. ओलं कार्पेट, ड्रायरची ऊब आणि आईने वर केलेल्या फोडणीचा जिन्यावरून उतरणारा वास. माझ्या जन्माच्या आधी तुम्ही दोन वर्षं मेलबर्नला नोकरी केलीत, तिथून कॅनडात आलात, आणि येताना त्या लांबट लाल चेंडूच्या फुटबॉलचं वेड घेऊन आलात. टोरोंटोत ते कोणाला सांगायची सोय नव्हती. ऑफिसमधले लोक हॉकीबद्दल बोलायचे, आपल्या मंडळातले क्रिकेटबद्दल. तिथे तुमच्या खोलीत राहणारे मित्र, आपले मेलबर्नचे काका, टीव्हीवरच्या मॅचेस टेप करून पोस्टाने पाठवायला लागले. पहिली टेप आली तेव्हा तुम्ही सगळ्यांना खाली बोलावलंत, आणि पडद्यावर नुसत्या राखाडी रेघा पळाल्या. तिकडची टेप इकडच्या व्हीसीआरवर चालत नाही, हे इंजिनिअर माणसाच्या लक्षात आलं नव्हतं. आई पंधरा मिनिटं त्या रेघा बघून म्हणाली, "छान आहे हो खेळ. पाऊस फार पडतो का तिकडे?" पुढच्याच आठवड्यात तुम्ही भारतात सामान नेणाऱ्यांच्या दुकानातून सगळ्या देशांच्या टेपा चालवणारा व्हीसीआर आणि तसलाच टीव्ही आणलात, आणि घरात कोणाला बोलायला जागाच ठेवली नाहीत.

मी तेव्हा नऊ वर्षांची. पाकीट यायला तीन आठवडे लागायचे, म्हणजे आपण जे बघायचो ते तिकडे केव्हाच घडून, बोलून, विसरून झालेलं असायचं. आई त्याला शिळी मॅच म्हणायची. "शिळ्या मॅचला एवढं काय ओरडायचं? तो गोल त्याने मागच्या महिन्यात केलाय." तुम्ही म्हणायचात, "मला आज कळतोय ना? मग आज झाला." काका प्रत्येक टेपेबरोबर पत्र लिहायचे आणि पहिल्याच ओळीत निकाल सांगून मोकळे व्हायचे. म्हणून नियम झाला. पाकीट मी फोडायचं, पत्र बाहेर काढायचं, न वाचता फ्रीजवरच्या पापडाच्या डब्यात ठेवायचं, आणि शनिवारी दुपारी जेवणानंतर मॅच पूर्ण बघून झाली की तुम्हाला द्यायचं. शंकरपाळ्यांच्या वाट्या भरायचं कामही माझंच. एक तुमची, एक माझी. आई खाली येत नसे, पण चौथा क्वार्टर सुरू झाला की जिन्याच्या वरच्या पायरीवर तिची पावलं दिसायची.

आणि मग तो. आपला एकोणतीस नंबर. बिनबाह्यांची हिरवी-पांढरी जर्सी, पाठीवर एकोणतीस, आणि बाकीच्या उंच लोकांमध्ये तो असा बुटका, की कॅमेरा लांब गेला की मला आधी सापडायचाच नाही. तुम्ही बोट दाखवायचात, "तो बघ, सगळे बॉलकडे बघताहेत आणि हा माणसं बघतोय." गव्हाच्या शेतांमधल्या कुठल्या तरी गावातून आलेला, डाव्या पायाचा, फार वेगवान नाही. पण किक मारण्याआधी तो अर्धा क्षण थांबायचा आणि त्या अर्ध्या क्षणात मैदानभर कोण कुठे आहे ते त्याला दिसायचं. गोल केला की छाती ठोकत फिरायचा नाही. ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट करायचा. तुम्ही मला शिकवलंत की टोकाला चार खांब असतात, मधल्या दोन खांबांतून बॉल गेला तर सहा गुण, आणि नेम चुकून बाजूच्या खांबांतून गेला तरी एक. हा एक तुम्हाला सगळ्यात प्रिय होता. "असा खेळ जगात दुसरा नाही, ठमाबाई. नेम चुकला तरी एक मिळतो." गणितात माझे मार्क गेले की हेच. आईची पुरणपोळी तव्यावर फाटली की हेच.

काकांनी एकदा खरा बॉल पाठवला. माझ्या अकराव्या वाढदिवसाचा होता तो, पण आधी तासभर तुम्हीच हातात घेऊन बसलात. बाहेर बर्फ होतं. आपण स्नो पँट घालून मागच्या पार्कात गेलो, आणि कुत्री फिरवणारे लोक उभे राहून बघायला लागले. मी बॉल वर उडवून लाथ मारत होते आणि तो कुठेही जात होता. तुम्ही माझं मनगट धरलंत. "फेकू नकोस. सोड. हात पायापर्यंत जाऊ दे आणि मग नुसता सोड." त्या दिवशी बोटं बधिर होईपर्यंत आपण सोडत होतो.

एक दिवस तुम्ही रागावलात तोही आठवतो. मी बारा वर्षांची असेन. अर्धा वेळ झाला होता, आपण पुढे होतो, तुम्ही खूश होतात, आणि मी कंटाळून म्हणाले, "बंद करू या ना. हरणारच आहेत." तुम्ही टेप थांबवलीत. आवाज चढवला नाहीत. "तुला काय माहीत?" माझ्या घशात शंकरपाळा अडकला. तुम्ही पडद्याकडे बोट केलंत, तिथे तो कमरेवर हात ठेवून थबकला होता. "तो उभा आहे का अजून? मग आपण बसायचं. संपल्याशिवाय उठायचं नाही. हरणार असलो तरी नाही." आणि टेप पुन्हा सुरू केलीत. त्या दिवशी आपण हरलो.

मला ते माहीत होतं, बाबा. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. मला प्रत्येक वेळी माहीत असायचं. पहिलं पत्र मी पापडाच्या डब्याशी स्टुलावर उभी राहूनच वाचलं, आणि त्यानंतरची सगळी. अकरा वर्षं. तुम्ही "आता बघ, आता बघ" म्हणायचात तेव्हा मी श्वास रोखायचे, डोळे झाकायचे, "गेली मॅच" म्हणून कपाळाला हात लावायचे. वाचल्याशिवाय राहवायचं नाही, आणि वाचल्यावर वाईट वाटायचं, कारण तुम्ही आशेने बसलेले असायचात आणि मला ठाऊक असायचं की आज तुमचा चेहरा पडणार आहे. आपला क्लब तसा हरणाराच होता. मोठ्या क्लबांनी एकोणतीसला बोलावलं, तो गेला नाही. गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन झालं, तरी परत आला. आणि त्याच्या शेवटच्या वर्षी, केस विरळ झालेल्या त्या माणसाने टीमला अंतिम सामन्यापर्यंत नेलं.

ती टेप यायच्या आधीच तुम्ही गेलात. बर्फ उपसून गाडी काढायचे दिवसही नव्हते ते, झाडांची पानं नुसती लाल व्हायला लागली होती. काकांना फोन केला तेव्हा त्यांचं पाकीट पोस्टात पडून चार दिवस झाले होते. फोनवर काका रडले, आणि मग म्हणाले, "त्याने बघितली नाही मॅच." मी म्हणाले, "काका, काय झालं ते सांगू नका." त्यांनी सांगितलं नाही. तुमच्या तेराव्यानंतर पाकीट आलं. सवयीने मी फोडलं, पत्र बाहेर काढलं, स्टुलावर चढले, आणि पहिल्यांदाच न वाचता डब्यात ठेवलं. आईने मागून विचारलं, "काय गं?" मी म्हणाले, "शिळी मॅच." 

सव्वीस वर्षं ते पत्र आणि ती टेप माझ्याबरोबर घरं बदलत राहिली. इंटरनेट आलं, स्मार्टफोन आला, दोन शब्द टाइप केले असते तर निकाल समोर आला असता. मी केले नाहीत. त्या खेळाची बातमी दिसली की चॅनेल बदलायचे. नवऱ्याला वाटायचं मला खेळ आवडत नाही. खरं कारण एवढंच होतं की ती मॅच संपली नव्हती, आणि ती संपेपर्यंत तुमची आणि माझी एक शनिवारची दुपार अजून शिल्लक होती. ती खर्चायची माझी हिंमत नव्हती.

तुमची नात आता सतरा वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, पण तुमच्यासारखीच आधी जेवते आणि मग बोलते. गेल्या उन्हाळ्यात ती धुळीने माखून घरी आली, हातात लांबट लाल बॉल. "आई, देअर्स धिस क्रेझी ऑस्ट्रेलियन गेम," म्हणाली, टोरोंटोत क्लब आहे, मुलींची टीम आहे, क्रिकेटच्या मैदानावर खेळतात. मी सिंकपाशी उभी होते. हात पुसले, बॉल घेतला, ड्राइव्हवेवर गेले आणि सोडला. समोरच्यांच्या मेलबॉक्सवरून गेला तो. पोरगी तोंड उघडं टाकून बघत राहिली. "आई. व्हॉट?" मग मला सगळं सांगावं लागलं. तिने ते क्लबमध्ये सांगितलं.

झालं असं की या वर्षी मेलबर्नमध्ये मैदानाबाहेर एकोणतीसचा पुतळा उभा राहिला, आणि टोरोंटोच्या क्लबने त्या निमित्ताने शनिवारी दुपारी सगळ्यांना बोलावलं. क्लब चालवणारा म्हातारा मूळचा मेलबर्नचा, चाळीस वर्षं इथे प्लंबिंगची कामं करतो. त्याने मला फोन केला. "तुझ्या मुलीने सांगितलं ते खरं आहे? तुला अजून माहीत नाही?" मी म्हणाले, नाही.  मग तो म्हणाला, "मेट, कानात बोळे घालून बस. एक शब्द कोणाचा ऐकू नकोस. टेप घेऊन ये. आपण तीच बघू." टेप मार्कहॅमच्या एका दुकानात नेली, तिथले सरदारजी लोकांच्या लग्नाच्या जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून देतात. त्यांनाही बजावलं की शेवट बघायचा नाही, बघितला तर बोलायचं नाही. घ्यायला गेले तेव्हा म्हणाले, "मॅडम, मैंने टीव्ही दीवार की तरफ घुमा दिया था. लेकिन ये तो बताइए, ये शादी किसकी है?"

म्हणून परवा मी, पोरगी आणि आई अशा तिघी गेलो. मी शंकरपाळ्यांचा मोठा डबा नेला होता, आणि पर्समध्ये पत्र. हॉलमध्ये चाळीसेक माणसं. त्यांतल्या प्रत्येकाला निकाल ठाऊक होता, आणि प्रत्येकाने तो माझ्यासाठी तोंडात धरून ठेवला होता. भिंतीवर पुतळ्याचा मोठा फोटो लावलेला, आणि त्यावर कोणी तरी फुलाफुलांचा बाथ टॉवेल टाकलेला, कारण म्हणे पुतळ्याच्या उभं राहण्यावरूनच सगळं कळतं. आधी लोक त्याच्याबद्दल बोलायला उठले. एक नर्स म्हणाली, मी लहानपणी गोलच्या मागे कुंपणाशी उभी राहायचे, एकदा पावसात तो तासभर आम्हा मुलांच्या वह्यांवर सह्या करत होता, आणि माझ्या वहीची शाई वाहून गेली म्हणून त्याने परत केली. गाडीच्या कारखान्यात काम करणारा एक इथलाच माणूस म्हणाला, मी कधी ऑस्ट्रेलियाला गेलो नाही, पण किक मारण्याआधी बघायचं हे मी त्याच्याकडून शिकलो आणि घर घेतानाही तसंच केलं. लोक हसले. एक जण भरात आला, "आणि मग त्या शेवटच्या मिनिटात जेव्हा त्याने—" तोच चाळीस जण एकदम ओरडले. तो लाल होऊन खाली बसला. माझी पोरगी माझ्या कानांवर दोन्ही हात दाबून उभी होती. "यू हर्ड नथिंग, आई. नथिंग." मला तेव्हा तुमची फार आठवण आली. एक नियम, जो तुम्ही बेसमेंटमध्ये दोन माणसांसाठी केला होता, तो परक्या देशात अनोळखी माणसांनी भरलेला हॉल पाळत होता. मलाही बोलायला सांगितलं. मी फक्त बेसमेंटचं आणि त्या एका गुणाचं सांगितलं. नेम चुकला तरी एक मिळतो, असं बाबा म्हणायचे, मी म्हणाले, आणि हॉलमधले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नर्सने तोंडावर रुमाल धरला. मला वाटलं, माझं इंग्रजी चुकलं.

मग पडदा खाली आला आणि मॅच सुरू झाली. तेच राखाडी आकाश, तोच गोंगाट, टेपेच्या तळाशी तीच थरथरणारी रेघ. मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले, जशी तेव्हा बसायचे. आपण पहिल्या क्वार्टरमध्ये मागे होतो, दुसऱ्यात फार मागे. एकोणतीसला दोघे जण चिकटलेले, त्याचा गुडघा बांधलेला. तिसऱ्यात तो मधोमध आला आणि बघू लागला, बॉलकडे नाही, माणसांकडे, आणि त्याने एकामागून एक तीन पोरांना गोल करायला लावले. प्रत्येक वेळी बोट दुसऱ्याकडे. आई म्हणाली, "अजून संपली नाही का ही? तेव्हाही अशीच लांबायची." तिसरा क्वार्टर संपला तेव्हा आपण दोन गोल मागे होतो. मी वॉशरूमला जाऊन आले. येताना शंकरपाळ्यांच्या डब्यावर झाकण लावलं. प्लंबर म्हातारा कुरकुरला, "अरे, माझे अजून खाऊन व्हायचे होते." पोरगी म्हणाली, "आई, ही इज युअर होस्ट." तरी मी डबा मांडीवर घेऊन बसले.

शेवटचा क्वार्टर कसा सांगू, बाबा? मी उठून उभी होते. पोरगी उभी होती. आईसुद्धा, काठी टेकून. एक गोल त्याने डाव्या पायाने वाकड्या कोनातून घातला, दुसरा त्याच्या पासवर एका पोरसवद्या खेळाडूने. बरोबरी. घड्याळ संपत आलं. कोणी तरी बॉल उंच मारला, आणि त्या सगळ्या उंच माणसांमधून तो बुटका वर आला आणि छातीशी बॉल धरून खाली पडला. भोंगा वाजला. वेळ संपला, पण झेल घेणाऱ्याला त्याची किक मिळतेच, त्याला कोणी अडवायचं नाही. आयुष्यातली शेवटची किक. तो मागे गेला. अर्धा क्षण थांबला. आणि सोडला.

चुकला. बॉल मधल्या खांबाच्या बाहेरून, हातभर बाहेरून गेला. त्याने डोक्यावर हात ठेवला. आणि पांढरा डगला घातलेल्या पंचाने एक बोट वर केलं. एक. सव्वीस वर्षं निकाल माहीत असलेली माणसं खुर्च्या पाडत नाचायला लागली. प्लंबर रडत होता. पोरगी माझ्या गळ्यात पडून किंचाळत होती. आई माझी बाही ओढत होती, "अगं, चुकला ना तो? मग हे नाचताहेत कशाला?" मी म्हणाले, "एका गुणाने जिंकलो, आई. नेम चुकला तरी एक मिळतो." ती मग म्हणाली, "हे असतं होय ते? मला वाटायचं माझ्या पोळीला हसतात." कोणी तरी भिंतीवरचा टॉवेल ओढला. पुतळा किक मारणाऱ्या माणसाचा नाही, बाबा. डोक्यावर हात ठेवलेल्या माणसाचा आहे. त्याला अजून समजायचं आहे की तो जिंकलाय.

जिंकलो आपण. तुम्ही नाही म्हणून ते कमी झालं असं मला त्या हॉलमध्ये एकदाही वाटलं नाही, हे लिहिताना मला जरा नवल वाटतंय. घरी येताना गाडीत पोरगी आजीला नियम समजावत होती, आणि आजी तिला सांगत होती की हे सगळं मला जिन्यावरून पाठ आहे.

हे पत्र कुठे पाठवणार? पापडाच्या डब्यातच ठेवते, काकांच्या पत्राशेजारी. काकाही गेले आता. त्यांचं पत्र शेवटी उघडलं. त्यात निकाल सरळ लिहिलेलाच नाही. त्यांनी लिहिलंय: "पोरगी माझी पत्रं आधीच वाचते, असं तू पहिल्याच वर्षी सांगितलंस. मी म्हटलं, निकाल लिहिणं बंद करतो. तू म्हणालास, 'नको, तिला वाचू दे. हरलो असलो की ती माझी वाटी शिगोशीग भरते, आणि तेवढ्यासाठी मी हरायलाही तयार आहे.' तर ऐक. या वेळी तुला वाटी अर्धीच मिळणार आहे. तरी शेवटपर्यंत बस."

हे घरी येऊन वाचलं असं लिहिणार होते. पण नाही. तिसऱ्या क्वार्टरनंतर वाचलं, बाबा, क्लबच्या वॉशरूममध्ये, दाराला पाठ लावून. तेवढी पंचवीस मिनिटं नाही राहवलं. बाहेर आले आणि डबा बंद केला.